लॅटिन भाषेतील षष्ठी विभक्ती : मराठी वाचकांसाठी परिचय

एका नामाचा दुसऱ्या नामाशी असलेला संबंध ज्या रूपाने दाखविला जातो, त्या रूपास आपल्या व्याकरणात षष्ठी विभक्ती म्हणतात. मराठीत तिचे प्रत्यय चा, ची, चे. लॅटिन भाषेत हे काम करणाऱ्या विभक्तीला 'कासुस जेनितीवुस' असे नाव आहे. लॅटिनचा एक दिवसही अभ्यास न केलेल्या आपल्या भाविकांच्या कानांवरून तिची रूपे अनेकदा गेलेली असतात. 'आन्युस देई' म्हणजे देवाचे कोकरू, 'कोर्पुस क्रिस्ती' म्हणजे ख्रिस्ताचे शरीर, 'रेजीना चेली' म्हणजे स्वर्गाची राणी, 'आन्नो दोमिनी' म्हणजे प्रभूच्या वर्षी. या चारही ठिकाणी दुसरा शब्द षष्ठीत आहे. आपण क्रुसाची खूण करतो तेव्हा लॅटिनमध्ये 'पात्रिस', 'फिलिई' आणि 'स्पिरितुस सांक्ती' अशी तीन षष्ठ्यन्त रूपे एकामागून एक येतात. त्यांच्या आधी येणारा 'नाव' हा शब्द मात्र एकवचनात असतो. पित्याचे, पुत्राचे व पवित्र आत्म्याचे मिळून नाव एकच. त्रैक्याची शिकवण व्याकरणाच्या इतक्या जवळ येऊन बसली आहे.

या लेखात लॅटिन शब्द देवनागरीत लिहिताना आम्ही रोममध्ये व उपासनेत रूढ असलेला उच्चार प्रमाण मानला आहे. प्राचीन रोमन लोक 'चेली' न म्हणता 'काएली' असे काहीसे म्हणत. आपल्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ दाखविण्याची सोय असल्याने लॅटिन लिहिण्यास ती रोमन लिपीपेक्षा एका अर्थाने अधिक सोयीची आहे, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

पोलादपूर व महाड येथील तीन षष्ठी

लॅटिनकडे वळण्यापूर्वी रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागात थोडे थांबू. पोलादपूर येथे कवींद्र परमानंद यांची समाधी आहे. शिवरायांचे समकालीन असलेल्या या कवीने 'शिवभारत' हा संस्कृत ग्रंथ रचला. 'शिवभारत' या नावाचा विग्रह 'शिवाचे भारत' असा होतो. यास षष्ठी तत्पुरुष समास म्हणतात. षष्ठी येथे आहे, पण दिसत नाही. समासाने ती गिळून टाकली आहे. पोलादपूरहून महाडकडे आणि तेथून रायगडाकडे गेलो की दुसरी षष्ठी भेटते. शिवरायांच्या संस्कृत राजमुद्रेत 'शिवस्य' असे रूप आहे, म्हणजे 'शिवाची'. येथे षष्ठी उघड आहे. तिसरी त्याहून पुष्कळ जुनी आहे. महाडजवळ गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांत सुमारे दुसऱ्या शतकातील ब्राह्मी लिपीतला एक प्राकृत शिलालेख आहे. विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने दिलेल्या लेण्याची ती नोंद आहे. त्यात 'कुमारस' असे रूप येते, म्हणजे 'कुमाराचे'. संस्कृतातील 'स्य' हा प्रत्यय प्राकृतात 'स्स' झाला व लेखात 'स' असा कोरला गेला.

आता रोमच्या दक्षिणेस जाऊ. तेथे सात्रिकुम या प्राचीन नगराच्या जागी १९७७ साली एक कोरीव दगड सापडला. तो ख्रिस्तपूर्व सुमारे ५०० या काळातील आहे. त्यावर 'पोप्लिओसिओ वालेसिओसिओ' असे शब्द आहेत, म्हणजे 'पुब्लिउस वालेरिउस याचे'. अतिप्राचीन लॅटिनमधला हा '-ओसिओ' प्रत्यय आणि संस्कृतातील '-अस्य' हा प्रत्यय एकाच मुळातून आलेले आहेत. पुढे लॅटिनमध्ये तो मागे पडला व त्याच्या जागी '-ई' रूढ झाला. तरीही महाडच्या डोंगरातील 'कुमारस' आणि इटलीतील तो दगड यांचे दूरचे नाते राहतेच. अनेकवचनातही नात्याच्या खुणा आहेत. संस्कृतातील 'तासाम्' (त्या स्त्रियांचे) यातील शेवट आणि लॅटिनचा '-आरुम' हा शेवट सख्खे आहेत. दोन स्वरांमधल्या 'स'चा 'र' करण्याची लॅटिनला सवय होती, एवढाच काय तो फरक.

यावरून आम्हास एक गोष्ट सांगावयाची आहे. लॅटिनची षष्ठी मराठी माणसाला वाटते तितकी परकी नाही. तिचे सर्वांत महत्त्वाचे काम त्याच्या तोंडात लहानपणापासून बसलेले असते. फक्त त्यास त्याचे नाव ठाऊक नसते.

शब्दाची किल्ली

लॅटिन शब्दकोश उघडला की प्रत्येक नामापुढे दोन रूपे छापलेली दिसतात. राजा या अर्थाचा शब्द 'रेक्स, रेजिस' असा दिलेला असतो. शांती म्हणजे 'पाक्स, पाचिस'. प्रकाश म्हणजे 'लुक्स, लुचिस'. शरीर म्हणजे 'कोर्पुस, कोर्पोरिस'. नाव म्हणजे 'नोमेन, नोमिनिस'. कुमारी म्हणजे 'वीर्गो, वीर्जिनिस'. यातले पहिले रूप प्रथमेचे व दुसरे षष्ठीचे. कोशकारांनी सहा विभक्तींपैकी हीच दोन का निवडली? कारण प्रथमेचे रूप पुष्कळदा शब्दाचे खरे अंग लपविते. 'रेक्स' पाहून पुढची रूपे कशी होतील हे कळत नाही. 'रेजिस' पाहिले, त्याचा '-इस' हा प्रत्यय काढला, की अंग हाती येते, आणि त्या अंगाला बाकीचे सर्व प्रत्यय लागतात.

मराठीत हेच काम सामान्यरूप करते. देऊळ हा शब्द घ्या. 'देऊळचा' असे आपण म्हणत नाही, 'देवळाचा' म्हणतो. पाऊस–पावसाचा, भाऊ–भावाचा, मासा–माशाचा, बहीण–बहिणीचा. 'देवळा-' हे रूप एकदा समजले की देवळाला, देवळात, देवळाहून ही सर्व रूपे आपोआप येतात. आपल्याला ही रूपे कोणी शिकविली नाहीत, पण मराठी शिकू पाहणाऱ्या परक्याला प्रत्येक शब्दाची ही जोडी पाठ करावी लागते. भारतात आलेल्या परदेशी धर्मगुरूंनी ती केली. आपण लॅटिनच्या जोड्या पाठ करताना त्यांचे ऋण उलट्या बाजूने फेडत असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. 'देवाचा' या शब्दातील 'देवा-' हे सामान्यरूप मुळात संस्कृत 'देवस्य', प्राकृत 'देवस्स' या षष्ठीच्या रूपातून झिजत आलेले आहे, असे भाषाशास्त्रज्ञांचे सर्वसाधारण मत आहे. ज्यूल ब्लोक या फ्रेंच विद्वानाने मराठी भाषेच्या घडणीवर १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या झिजेचा मागोवा घेतला आहे. म्हणजे जुनी षष्ठी झिजून शब्दाचे अंग बनली आणि तिच्यावर 'चा' ही नवी षष्ठी चढली. 'देवाचा' म्हणताना आपण षष्ठी दोनदा उच्चारतो. लॅटिनमध्ये षष्ठी शब्दाची किल्ली आहे. मराठीत तीच किल्ली कुलपात अडकून राहिली आहे.

पाच गण आणि त्यांचे प्रत्यय

लॅटिन नामे पाच गणांत विभागलेली आहेत आणि कोणते नाम कोणत्या गणातले, हे ठरविण्याची कसोटी षष्ठी एकवचन हीच आहे. पहिल्या गणात षष्ठी 'ए'काराने संपते : मारिया–मारिए, एक्लेसिया–एक्लेसिए (ख्रिस्तसभेचे). दुसऱ्यात '-ई' : दोमिनुस–दोमिनी, क्रिस्तुस–क्रिस्ती, वेर्बुम–वेर्बी. तिसऱ्यात '-इस' : पातेर–पात्रिस. हा गण सर्वांत मोठा आणि सर्वांत खोडकर आहे. वर दिलेल्या बहुतेक जोड्या त्यातल्याच. चौथ्यात '-ऊस' आणि पाचव्यात '-एई'. फीदेस–फिदेई म्हणजे श्रद्धा–श्रद्धेचे. अनेकवचनात अनुक्रमे -आरुम, -ओरुम, -उम, -उउम, -एरुम असे शेवट येतात.

चौथ्या गणात एक गंमत आहे. 'स्पिरितुस' म्हणजे आत्मा, आणि 'आत्म्याचा' हेही लिहिताना 'स्पिरितुस'च. फरक फक्त शेवटचा 'उ' ऱ्हस्व की दीर्घ एवढाच. मग ओळखावे कसे? सोबतच्या विशेषणावरून. 'स्पिरितुस सांक्तुस' असेल तर पवित्र आत्मा, 'स्पिरितुस सांक्ती' असेल तर पवित्र आत्म्याचा. तसेच '-ई' हा शेवट पाहून ताबडतोब षष्ठी समजू नये. 'दिशिपुली' म्हणजे 'शिष्याचा' असेही होते आणि 'अनेक शिष्य' असेही. मराठीचा 'चा' असा धोका सहसा देत नाही. लॅटिन वाचणाऱ्याने मात्र मागेपुढे पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये.

रोमन व्याकरणकारांच्या यादीत ही विभक्ती दुसरी येते, सहावी नव्हे. संस्कृतात आठव्या संबोधनासह आठ रूपे. लॅटिनमध्ये प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, संबोधन व 'आब्लातीवुस' अशी सहाच. आपल्या तृतीया, पंचमी व सप्तमी यांची बरीच कामे ही शेवटची एकटी उरकते. 'जेनितीवुस' हे नाव ग्रीक शब्दाच्या काहीशा चुकीच्या अनुवादातून आले आणि त्यात जन्माचा अर्थ शिरला. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील व्याकरणकार वार्रो तिला 'पात्रिकुस', म्हणजे वडिलांकडची विभक्ती, म्हणतो. अमक्याचा मुलगा तमका, हे सांगणारी ती विभक्ती असल्याने हे नाव आम्हास अधिक आवडते.

मराठी विद्यार्थ्याचा पाय कोठे अडखळतो

येशूचा शिष्य, येशूची आई, येशूचे वचन, येशूच्या आईला. मराठीत षष्ठीचा प्रत्यय पुढच्या नामाचे लिंग, वचन व विभक्ती पाहून बदलतो. याच कारणाने 'चा' प्रत्यय लागलेला शब्द विभक्तीचे रूप मानावे की विशेषण, हा प्रश्न मराठी व्याकरणकारांनी चर्चिला आहे. लॅटिनमध्ये असे होत नाही. 'दिशिपुलुस क्रिस्ती', 'मातेर क्रिस्ती', 'वेर्बुम क्रिस्ती', 'मात्री क्रिस्ती' : आई असो, शिष्य असो, वचन असो, 'क्रिस्ती' जागचे हलत नाही. मालक कोण एवढेच षष्ठी सांगते. मालमत्ता काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. संस्कृतचेही असेच आहे. शाळेत संस्कृत शिकलेल्यांनी 'रामस्य' हे रूप आठवावे, म्हणजे ही अडचण चटकन दूर होते.

सर्वनामांत मात्र मराठी विद्यार्थ्याला मोठा लाभ आहे. 'पातेर नोस्तेर' यातील 'नोस्तेर' (आमचा) हे विशेषण असून ते पुढच्यामागच्या नामाप्रमाणे बदलते : मातेर नोस्त्रा, आमची आई. हे आपल्या 'आमचा-आमची'सारखेच झाले. याहून सूक्ष्म भेद 'त्याचा' आणि 'आपला' यांचा. "पेत्राने आपल्या भावाला बोलाविले" आणि "पेत्राने त्याच्या भावाला बोलाविले" या दोन वाक्यांत कोणाचा भाऊ, हे मराठी माणसाला विचारावे लागत नाही. लॅटिनमध्ये पहिल्यासाठी 'सूउस' आणि दुसऱ्यासाठी 'एयुस' हे शब्द आहेत. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द असल्याने इंग्रजीतून लॅटिन शिकणारे येथे हटकून चुकतात. आपल्याकडील विद्यार्थीही लॅटिन बहुधा इंग्रजी पुस्तकांवरून शिकतात आणि जी चूक मराठीत त्यांनी कधी केली नसती ती इंग्रजीच्या नादाने करतात. हा भेद मराठीतूनच शिकवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शब्दांच्या क्रमाविषयीही एक शब्द. थोर संत ग्रेगरी (पोपपदाचा काळ ५९० ते ६०४) स्वतःस 'सेर्वुस सेर्वोरुम देई' म्हणवीत, आणि ती पदवी पुढे परमगुरुस्वामींची म्हणून रूढ झाली. मराठीत तिचा अर्थ 'देवाच्या सेवकांचा सेवक'. दोन्ही बाजूंनी शब्द मोजून पाहावेत : लॅटिनचा पहिला शब्द मराठीत शेवटी आणि शेवटचा शब्द पहिला. लॅटिन षष्ठी बहुधा नामामागून येते, आपली नेहमी आधी. अर्थात लॅटिनमध्ये हा नियम बांधील नाही. १९८७ च्या पवित्र मरियेविषयीच्या परिपत्रकाचे नाव 'रेदेम्प्तोरिस मातेर' असे असून त्यात 'तारणाऱ्याची' हा शब्द प्रथम आला आहे.

जेथे लॅटिनला षष्ठी उच्चारावी लागते तेथे मराठी ती समासात झाकू शकते, हे 'शिवभारत' या नावावरून आपण पाहिले. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी १६१६ साली छापलेल्या आपल्या महाकाव्याला मिळालेले 'ख्रिस्तपुराण' हे नाव त्याच साच्यातले आहे. लॅटिनमध्ये शिकून तयार झालेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने आपल्या भाषेचा हा गुण ओळखला होता. त्यांचे कोंकणी भाषेचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. 'मातेर देई'चे 'देवाची आई' असे भाषांतर अचूक आहे, पण 'देवमाता' हे मराठी आहे.

प्रेम कोणाचे, कोणावर?

आता या विभक्तीच्या सर्वांत खोल पाण्यात उतरू. 'आमोर देई' म्हणजे देवाचे प्रेम. देव आपल्यावर करतो ते, की आपण देवावर करतो ते? लॅटिन षष्ठी दोन्ही अर्थ देते. पहिल्या अर्थाच्या षष्ठीला कर्त्याची षष्ठी आणि दुसऱ्या अर्थाच्या षष्ठीला कर्माची षष्ठी म्हणतात. मराठीतही हे आहे. 'आईची आठवण' म्हटले तर सहसा आईला आलेली आठवण आपण समजत नाही, आईविषयी आपल्याला आलेली समजतो. 'आईची माया' म्हटले की उलट. शब्दाच्या अर्थावरून आपण निवड करतो आणि निवड केली हे आपल्या लक्षातही येत नाही. 'तिमोर दोमिनी', परमेश्वराचे भय, यात परमेश्वर भीत नाही हे उघड आहे. सगळीकडे असे उघड नसते.

रोमकरांस पत्र ५:५ मध्ये पवित्र आत्म्याच्या द्वारे आपल्या अंतःकरणात ओतल्या गेलेल्या 'देवाच्या प्रीती'चा उल्लेख आहे. संत ऑगस्टिन यांनी सुमारे ४१२ साली लिहिलेल्या 'दे स्पिरितु एत लित्तेरा' या ग्रंथात या वचनाचा विचार केला. देव स्वतः आपल्यावर जी प्रीती करतो ती येथे अभिप्रेत नसून, जिच्यायोगे तो आपल्याला त्याच्यावर प्रीती करणारे बनवितो ती अभिप्रेत आहे, असा अर्थ त्यांनी लावला. आधुनिक भाष्यकारांचा कल बहुतांशी याच्या उलट आहे. पुढील वचनांत ख्रिस्त आपल्यासाठी मेला याचे वर्णन येते, तेव्हा प्रीती देवाची आपल्यावरील असावी, असे ते म्हणतात. करिंथकरांस दुसरे पत्र ५:१४ मधील 'कारितास क्रिस्ती' याविषयीही हाच प्रश्न आहे. गलतीकरांस पत्र २:१६ मधील ख्रिस्ताच्या 'फीदेस'विषयी तर गेल्या काही दशकांत अभ्यासकांमध्ये मोठाच वाद झाला आहे : आपण ख्रिस्तावर ठेवलेला विश्वास, की ख्रिस्ताने स्वतः राखलेला विश्वासूपणा? एका विभक्तीवर तारणाची मांडणी कोठून सुरू करावयाची हे अवलंबून आहे. हा प्रश्न मूळ ग्रीकमधलाच आहे आणि लॅटिन भाषांतराने तो जसाच्या तसा पुढे नेला.

येथे मराठी भाषांतरकाराची कसोटी लागते. 'ख्रिस्तावरील विश्वास' असे लिहिले की निकाल लागला. 'देवाची प्रीती' असे लिहिले की मुळातली दोन्ही दारे उघडी राहतात. जेथे आपली 'ची' मुळाइतकीच मोकळी आहे तेथे ती मोकळी ठेवावी आणि निकाल प्रवचनात, प्रार्थनेत, अभ्यासात लागू द्यावा, असे आम्हास वाटते. स्पष्टपणाच्या हौसेने 'वरील' आणि 'विषयीचा' घालणारा भाषांतरकार वाचकाचे काम सोपे करतो, पण संत ऑगस्टिन ज्या दारातून आत गेले ते त्याच्यासाठी बंद करतो.

ख्रिस्तसभेच्या दस्तऐवजांची नावे त्यांच्या आरंभीच्या लॅटिन शब्दांवरून पडतात, त्यामुळे त्यांतही षष्ठीचा घोटाळा होतो. पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या परिपत्रकाचे नाव 'रेरुम नोवारुम'. 'नव्या गोष्टी' असे त्याचे भाषांतर पुष्कळदा केले जाते. प्रत्यक्षात दोन्ही शब्द षष्ठी अनेकवचनात आहेत आणि ते पुढे येणाऱ्या 'हाव' या अर्थाच्या शब्दावर अवलंबून आहेत. शिवाय 'नव्या गोष्टी' हा लॅटिनमध्ये राजकीय उलथापालथीसाठी वापरला जाणारा शब्दप्रयोग आहे. म्हणजे परिपत्रक नव्या गोष्टींच्या स्वागताने नव्हे, तर क्रांतीच्या हव्यासाच्या उल्लेखाने सुरू होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या 'लुमेन जेन्त्सिउम'चा अर्थ 'राष्ट्रांचा प्रकाश'. तो दस्तऐवज ख्रिस्तसभेविषयी असल्याने ख्रिस्तसभा म्हणजे राष्ट्रांचा प्रकाश असे समजले जाते. पहिल्याच वाक्यात मात्र तो प्रकाश ख्रिस्त आहे असे म्हटले आहे.

आणखी काही उपयोग

गुण दाखविण्यासाठी षष्ठी दोन्ही भाषांत सारखीच येते : मोठ्या श्रद्धेचा माणूस. समूहातील भाग दाखविताना आपण 'पैकी' किंवा 'तला' वापरतो, लॅटिनमध्ये तेथेही षष्ठीच.

'राजांचा राजा', 'युगांची युगे' असे प्रयोग मूळ हिब्रू वळणाचे. श्रेष्ठत्वाची परिसीमा दाखविण्याची ती हिब्रू रीत होती आणि ती लॅटिन बायबलमार्फत उपासनेत रुजली. जुन्या करारातील एका पुस्तकाचे लॅटिन नाव 'कान्तिकुम कान्तिकोरुम', म्हणजे शब्दशः 'गीतांचे गीत'. मराठीत त्यास 'गीतरत्न' म्हणतात. ज्याने हे नाव योजिले त्याला षष्ठीचा मर्म पुरता कळला होता.

काही क्रियापदांना लॅटिनमध्ये कर्म षष्ठीत लागते. 'आठवण ठेव' या अर्थाचे 'मेमेन्तो' हे त्यातले एक. क्रुसावरील पश्चात्तापी चोर 'मेमेन्तो मेई' म्हणतो तेव्हा 'मेई' हे षष्ठीचे रूप आहे. मराठीत 'माझी आठवण' असे म्हणताना आपणही षष्ठीच वापरतो. 'दया कर' या अर्थाच्या 'मिसेरेरे'ची तऱ्हा अशी की पश्चात्तापाच्या प्रसिद्ध स्तोत्रात त्याच्यापुढे षष्ठी 'मेई' येते आणि मिस्सेतील 'आन्युस देई'मध्ये चतुर्थी 'नोबिस'. दोन्ही शुद्ध आहेत.

चर्चबाहेरही ही विभक्ती जिवंत आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात अध्यापन केलेले येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ फादर हेर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३–१९७०) यांच्या सन्मानार्थ सह्याद्रीतील एका कंदीलपुष्पाला 'सेरोपेजिया सांतापाउई' असे नाव आहे. शेवटची 'ई' म्हणजे 'सांतापाव यांची'. स्त्रीच्या सन्मानार्थ नाव दिल्यास पहिल्या गणाचा 'ए' येतो. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच करावे ही सक्ती १ जानेवारी २०१२ पासून उठली, परंतु नावे लॅटिन वळणाचीच राहिली आहेत.

अभ्यास कसा करावा

पोप योहान तेविसावे यांनी २२ फेब्रुवारी १९६२ रोजी 'वेतेरुम सापिएन्त्सिया' या दस्तऐवजाद्वारे गुरुविद्यालयांतील लॅटिनच्या अध्ययनाचा आग्रह धरला. चालू धर्मविधिसंहितेचे कलम २४९ भावी धर्मगुरूंना लॅटिन चांगली समजली पाहिजे असे सांगते. प्रापंचिकांवर अशी कोणतीच सक्ती नाही, म्हणून त्यांना शिकण्याचा आनंद अधिक.

आमची सूचना साधी आहे. लॅटिन नाम कधीही एकटे पाठ करू नये. 'पाक्स' नव्हे, 'पाक्स, पाचिस'. देऊळ-देवळाचे म्हणावे तसे जोडीने, मोठ्याने. व्हॅटिकनमध्ये १९६९ ते २००९ या काळात लॅटिन लेखनाचे काम केलेले अमेरिकन कार्मेलाईट धर्मगुरू रेजिनाल्ड फॉस्टर (१९३९–२०२०) हे रूपांचे तक्ते घोकण्याच्या विरोधात होते. खरी लॅटिन वाक्ये वाचत शिकावे असे ते सांगत. ते अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी योग्यच. आपल्याकडे मात्र 'देवः देवौ देवाः' म्हणत लहानाची मोठी झालेली मुले आहेत, त्यांना तक्त्याचे ओझे वाटत नाही. दोन्ही करावे. आठवड्याला एक गण, आणि रोज आपल्या ओळखीच्या प्रार्थनेतील एक षष्ठी शोधणे. इंग्रजी वाचता येणाऱ्यांनी जॉन कॉलिन्स यांचे १९८५ चे चर्च लॅटिनचे प्राथमिक पुस्तक वापरावे.

जुन्या नोंदी वाचताना

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांना स्नानसंस्काराच्या किंवा विवाहाच्या जुन्या लॅटिन नोंदी कधी कधी वाचाव्या लागतात. येथे षष्ठी न कळण्याची किंमत रोकडी आहे, कारण चुकीचे उतरविलेले नाव पुढे दाखल्यावर जाते आणि एकाच माणसाची दोन माणसे होतात. बालकाचे नाव प्रथमेत असते. 'फिलिउस' (मुलगा) किंवा 'फिलिया' (मुलगी) या शब्दानंतर येणारी आईवडिलांची नावे षष्ठीत असतात. 'फिलिया पेत्री एत आन्ने' असे आढळल्यास वडिलांचे नाव 'पेत्री' नव्हे, 'पेत्रुस', म्हणजे पीटर. आईचे नाव 'आन्ना'. 'आन्तोनिई' म्हणजे आन्तोनिउसचा, 'याकोबी' म्हणजे याकोबुसचा, 'योआन्निस' म्हणजे योआन्नेसचा. आडनावे बहुधा न बदलता लिहिली जात, त्यामुळे त्यांवरून विभक्ती ओळखण्याचा प्रयत्न करू नये. प्रत उतरविताना आधी मूळ रूप जसेच्या तसे लिहावे, शेजारी कंसात प्रथमेचे रूप द्यावे, आणि शंका असल्यास त्याच पानावरील इतर नोंदींत तेच नाव बालकाचे म्हणून आले आहे का ते पाहावे. तेथे ते प्रथमेत सापडते.